शेगुलाकडचं माणूस

प्रिय मिल्का,

एडिनबराला आज समुद्रावरून धुकं आलंय. समोरची घरं, झाडं, बसस्टॉप, सगळं पुसल्यासारखं झालंय. अशा वेळी उगाच वाटतं, धुकं हटलं की पलीकडे आपल्या मुंबईच्या ज्यू अनाथाश्रमाचं अंगण असेल आणि तू पायरीवर बसून वेणी सोडवत असशील. तुझ्या अश्दोदला येतं का गं असं धुकं?

परवा दुपारी डोळा लागला, तर आश्रमातली शुक्रवारची संध्याकाळ दिसली. शब्बाथचे दिवे लागलेत, मनुकांच्या सरबताचा पेला सगळ्यांकडे फिरतोय आणि शालोम नेहमीसारखा सर्वांत मोठा घोट घेतोय. गोदीत एकटा सापडलेला पोरगा तो. पुढे बोटीवर आचारी झाला, बोटीवरच गेला. स्वप्नात मात्र तेवढाच होता, ओठांवर सरबताची मिशी. तुझे मामा बुंदी घेऊन यायचे, त्यातली अर्धी तू न बोलता माझ्या ओंजळीत ओतायचीस. मग एक दिवस ते तुला इस्राएलला घेऊन गेले. मला न्यायला कुणी आलं नाही. मी नर्स झाले, इथे आले, आणि जन्मभर दुसऱ्यांची माणसं सांभाळली. वाईट नाही गेलं आयुष्य.

फोनवर मागे बोलले होते ना, ते नागपूरचे हरिदास रामटेके? आंबेडकर जयंतीला इथे भाषण करतात ते. बायको, गयाबाई, गेल्यापासून एकटेच आहेत. रोज बोटॅनिक गार्डनमध्ये आम्ही फिरतो. मी मलिद्याचे गोड पोहे नेते, ते फ्लास्कमधून चहा. कधी तासभर काही बोलत नाही. पण न बोलणंसुद्धा मराठीत असतं, तेच बरं वाटतं.

मंगळवारी बाकावर बसलो असताना ते म्हणाले, “बाई, मी लग्नाचं म्हणून राहिलो. पण असं परस्पर तुम्हालाच विचारणं बरं नाही वाटत. तुमची मागणी कोणाकडे घालू?” मिल्का, माझ्याबद्दल आजवर कुणी कुणाला काही विचारलंच नव्हतं. सत्त्याहत्तराव्या वर्षी मी भर बागेत रडले. मग म्हटलं, बहीण आहे माझी, आणि तुझा नंबर दिला. रविवारी त्यांचा फोन येईल. मुलंबाळं काय करतात विचार, गुडघे कसे आहेत विचार. आणि हे बघ, लगेच हो म्हणू नकोस. विचार करून कळवते, म्हण.

तुझीच,
शेगु