पट्ट्याचं माप

बारक्या,

चिठ्ठी मुद्दाम दाराबाहेर चिकटवली आहे. पूर्ण वाचल्याशिवाय कुलूप उघडू नकोस.

तुझं मनगट दुखतं म्हणून मी हात नसलेली खुर्ची आणली, पाय जमिनीला नीट टेकतील एवढी उंची ठेवली, आणि बसल्यावर बेस गिटार मांडीवरून घसरू नये म्हणून पट्टाही तुझ्या मापाने लावून दिला. तरी रोज संध्याकाळी पट्टा आखूड केलेला दिसायचा. "काढ पोक जन्मभर!" म्हणून मी तुझ्यावर डाफरायचे. तू शपथा घ्यायचास, मला त्या थापा वाटायच्या.

पण आता आठवडाभर तू मामाकडे आहेस आणि पट्टा कालही आखूड होता. आज तर खुर्चीसमोर पाय ठेवायला माझी जाड पुस्तकं रचून ठेवलेली दिसली. ज्याचे पाय जमिनीला पोचत नाहीत, असं कोणीतरी रोज तिथे आरामात बसतं.

मी कुलूपवाल्याला आणायला चालले आहे. तू आज मामाकडून आलास की खाली जिन्यापाशीच थांब. आतून बेसचा आवाज आला, तर ताई आली वाटतं म्हणून हाक मारू नकोस. मला कुठे वाजवता येतं?

ताई