उलटी बाटली

प्रिय रोवेना,

मी धडधाकट आहे, ओठ तेवढे फुटलेत. काल या वाळवंटी रस्त्यावर पाणी संपलं. गाडी आली की मी सायकलपाशी उभा राहून हात हलवायचो. लोकही हसून हात हलवायचे आणि निघून जायचे. हात हलवायचं त्राण उरलं नाही, तेव्हा कुठे एक ट्रकवाली थांबली.

"अरे येड्या, हात हलवलास तर लोकांना वाटणार, मजेत आहेस. पाणी हवं तर रिकामी बाटली उलटी धरायची."

पोरं बरी आहेत ना?

आई गेल्यापासून, तुझी गाडी घरावरून जाताना बाबा रोज व्हरांड्यातून हात हलवतात आणि तू हॉर्न वाजवून कामावर जातेस, असं तूच लिहिलं होतंस.

ते काही बाटली उलटी धरणार नाहीत गं. उद्या गाडी थांबव.

तुझा धाकटा,
कीथ