दोन फेऱ्यांचा गुरू

३ जानेवारी १९५९, शनिवार.
शेजारच्या तांड्यातला हरिसिंग अमरावतीला आठशे मीटर धावण्यात पहिला आला. मैदानाच्या दोन फेऱ्या! तेवढ्यासाठी दिग्रसच्या बसस्टँडवर बँड, हार, गुलाल. बस चुकू नये म्हणून सगळेच धावतात, त्यांना कोणी हार घालत नाही. मारुतीसमोर निश्चय केला : या पोराचा विचार करायचा नाही.

४ जानेवारी.
दिवसभर त्याचाच विचार. उणीव सापडली. त्याला गुरू नाही. शंकरपटात बैल पळवण्यात माझे अर्धे आयुष्य गेले. बैल काय नि माणूस काय, शेवटी पायच. मी शिकवीन. सौ. म्हणाली, "आपली जोडी पटात कधी पयली आलती वो?" उठून बैलांना पाणी पाजायला गेलो. मौनात शक्ती असते.

११ जानेवारी.
हरिसिंगला बोलावले. पाया पडला. बजावले, पटात झेंडी पडली की जोडी उधळलीच पाहिजे. पहिल्या पावलापासून जीव तोडून पळ. तो म्हणाला, "काका, पट एका दमाचा राह्यते. मले तं दोन चक्कर मारा लागते." बैल असा वाद घालत नाही. तरी मोठ्या मनाने भिजवलेली सरकी दिली.

१३ जानेवारी.
त्याच्या आईने, हंसाबाईने, सरकी म्हशीला घातली. म्हशीचे दूध वाढले म्हणे. म्हणजे खुराकात दोष नव्हता.

२५ जानेवारी, नागपूर.
मोठी शर्यत. स्वखर्चाने आलो. पहिल्या फेरीत हरिसिंग सगळ्यांच्या मागे! पटात अशी जोडी दुसऱ्या दिवशी बाजारात उभी करतात. ओरडलो, "पळ! जीव तोडून पळ!" शेजारचे गृहस्थ म्हणाले, "अहो, बसा." दुसऱ्या फेरीत त्याने एकेकाला मागे टाकले आणि पहिला आला. शांतपणे विचार केला. माझा आवाज त्याच्यापर्यंत उशिरा पोहोचला, एवढेच.

१ फेब्रुवारी.
पुढच्या रविवारी दिग्रसला सत्कार. काल ज्यांना तांड्याची वाट माहीत नव्हती ते आज 'आमचा हरिसिंग' म्हणतात. मला प्रसिद्धीची हाव नाही. चारचौघांत गुरू म्हणून माझे नाव घ्यावे, बस. कोट उन्हात टाकला.

८ फेब्रुवारी, रात्री.
अध्यक्षांनी विचारले, गुरू कोण? हरिसिंग माइकवर म्हणाला, "वामनकाका." डोळे भरून आले. उठून हात जोडले. टाळ्या.
मग म्हणाला, "लहानपनी आमी काकाच्या वावरात हुरडा चोराले जावो. काका मांगं लागत. निंगतानीच असे जोरात पळत का धुऱ्यापर्यंत दम खल्लास! मंग मी काय करो, पयले हळूहळू पळो. काका खाली बसले का सुटलोच. आजबी तसाच धावतो."
सारे पटांगण हसले. अध्यक्ष रुमालाने डोळे पुसत होते. मी हात जोडून उभाच. सौ. बायकांत बसली होती. तिचे हसणे मी गर्दीतही ओळखतो.

१० फेब्रुवारी.
सकाळी वावरात गेलो. बांधावर, त्याच धुऱ्यावर, गावची नि तांड्याची पोरे ओळीने उभी. प्रत्येकाच्या हातात माझ्याच ज्वारीचे कणीस. म्हणाली, "काका, आमच्याबी मांगं लागा ना."
लागलो.
विहिरीपर्यंत गेलो. मग बसलो.