मिल क्रीकचा वॉल्टर

प्रिय ब्रँट,

पाकिटावरचं अक्षर बघून दचकू नकोस. कुणी गेलेलं नाही. माझ्या वयाच्या माणसाचं पत्र आलं की आधी तीच शंका येते, म्हणून पहिल्याच ओळीत सांगून टाकतो. मी बरा आहे. गुडघे कुरकुरतात, डावा कान जवळजवळ गेला. अंगणातल्या पेकनच्या झाडाला यंदा वेड्यासारखी फळं धरली आहेत. पहाटे छपरावर त्या टणक फळांची टपटप चालू असते आणि अर्धवट झोपेत मला वाटतं, कुणीतरी दार वाजवतंय. दोनदा उठून बघूनही आलो. एक गोष्ट तुला सांगायची आहे. ती ओठावर यायला एकोणीस वर्षं लागली, तेव्हा कागदावर यायला चार पानं लागली तर कंटाळू नकोस. वर्गातसुद्धा मी मुद्द्यावर उशिराच यायचो. एखादी कविता म्हणता म्हणता खिडकीबाहेर बघत राहायचो आणि मागच्या बाकावरची पोरं तेवढ्यात गुपचूप पसार व्हायची, हे तू स्वतः बघितलं आहेस. तूही दोनदा गेला होतास. मला माहीत होतं.

चर्च सुटल्यावर नेल्डाच्या कॅफेतलं आमचं टेबल अजून भरतं. मी, हॉइट आणि डूली न्हावी. शनिवारी टॅलोवा कॉलेजचा फुटबॉल संघ, आपला तो हातानं फेकायचा फुटबॉल, जे काही खेळला असेल ते आम्ही रविवारी टेबलावर पुन्हा खेळतो. मिठाची बाटली म्हणजे चेंडू फेकणारा गडी, मिरीची बाटली म्हणजे त्याच्यापुढची भिंत, साखरेच्या पुड्या म्हणजे समोरचा संघ, आणि चेंडू म्हणून एक उकडलेला शेंगदाणा. हॉइटनं जन्मभर कोंबड्यांचं खाद्य विकलं, पण रविवारी बारा ते दोन त्याच्याएवढा मोठा कोच अख्ख्या मिसिसिपीत नाही. "डावीकडून पळवायला हवं होतं," हॉइट. "डावीकडे त्यांचे दोन रेडे उभे होते, दिसले नाहीत?" डूली. "म्हणून तर! रेड्याला वळायला वेळ लागतो." "तुझ्या मेंदूला लागतो त्याहून कमीच!" मग नेल्डा कॉफीचं भांडं घेऊन येते आणि ओरडते, "राजांनो, खेळ बास. मागच्या रविवारी तुम्ही मैदानाबाहेर काढलेली बाटली मला फ्रीजच्या मागे सापडली." हे सगळं तुझ्या लहानपणी होतं तसंच आहे. फक्त एक बदल झाला. कुणाच्या हातून काही निसटलं, चेंडू असो की बशी, की कुणीतरी म्हणतंच, "वॉल्टर म्हणाला होता तसं..." आणि मी समोर आहे हे लक्षात येऊन जीभ चावतं. रेडिओवर एकदाच फोन केलेला मिल क्रीकचा तो वॉल्टर. एकोणीस वर्षं झाली, पण त्याचं वाक्य या गावात म्हण होऊन बसलंय.

तुला आपलं मागचं अंगण आठवतं का रे? तू सहा वर्षांचा होतास. चेंडू तुझ्या छातीएवढा लांब, आणि तो अंगावर आला की तू डोळे मिटून घ्यायचास. मग मी तुझ्यासाठी दोन ओळी जुळवल्या. नजर वर, हात पुढे, पाय जमिनीवर. आभाळ आपण होऊन उतरतं तळहातावर. तू त्या मोठ्यानं म्हणायचास, मी चेंडू टाकायचो, आणि तुझी आई स्वयंपाकघराच्या खिडकीतून मोजायची, "सात! आठ! होरेस, जरा हळू टाक, अजून दात पडायचेत त्याचे!" अडतीस वर्षं मी वर्गात मोठमोठ्या कवींच्या कविता शिकवल्या. एकाही पोरानं परीक्षेनंतर त्या लक्षात ठेवल्या असतील असं वाटत नाही. माझ्या त्या दोन ओळी मात्र एका पोरानं तोंडपाठ केल्या होत्या. त्या मी कधी कुणाला ऐकवल्या नाहीत, कुठे लिहूनही ठेवल्या नाहीत. त्या आपल्या दोघांच्याच होत्या.

आणि मग टॅलोवाकडून तू खेळलास तो बोगार्डविरुद्धचा सामना. तुला त्याबद्दल काही सांगायची गरज नाही, तरी मला लिहू दे, कारण मी तो तुझ्यासमोर कधी उच्चारलाच नाही. आपण तीन गुणांनी मागे. अकरा सेकंद उरलेले. शेवटचा प्रयत्न, आठ यार्डांवर रेषा, तिच्यापलीकडे चेंडू धरला की सामना आपला. लाथ मारून चेंडू खांबांमधून घातला असता तर बरोबरी झाली असती आणि जादा वेळेत बघून घेतलं असतं. पण त्या दिवशी वारा होता, आपल्या लाथ मारणाऱ्या पोराच्या दोन लाथा आधीच वाया गेल्या होत्या, आणि कोचनं ठरवलं, फेकायचं, जिंकायचं. चेंडू तुझ्याकडे आला. साठ हजार माणसं एका श्वासात उभी राहिली. तो तुझ्या दोन्ही हातांना लागला आणि गवतावर पडला. मग आमच्या बाकांवरची माणसं एकेक करून वळली आणि माझ्याकडे बघू लागली. गाड्या लावल्या होत्या तिथे हॉइट भेटला, त्यानं माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाला, "मास्तर, कोच गाढव आहे हे खरं. पण पोराच्या हाताला लोणी लावून पाठवलं होतंत का?" तो हसवायला बोलला. मीही हसलो. ते हसू घेऊनच मी घरी आलो.

त्या संध्याकाळी तू जेवायला येणार होतास. तुझ्या आईनं, लुएलानं, कोंबडीचा रस्सा आणि त्यात शिजवलेल्या कणकेच्या गोळ्या केल्या होत्या, पीचचं गोड पक्वान्न ओव्हनमध्ये होतं, आणि सगळ्या घराला त्याचा वास होता. स्वयंपाकघरातल्या रेडिओवर सामन्यानंतरचा फोनाफोनीचा कार्यक्रम सुरू झाला. एकेक जण येऊन तुला आणि कोचला धुवत होता. कुणी म्हणे लाथ मारायला हवी होती, कुणी म्हणे अशा पोराला शिष्यवृत्ती दिलीच कशाला. मला ते सहन होईना. मी फोनची लांब तार ओढत मागच्या पोर्चवर गेलो आणि नंबर फिरवला. ब्रँट, मी तुझी बाजू मांडायला फोन केला होता. देवाशपथ सांगतो. पण बापानं बाजू घेतली तर ती भीक वाटेल, म्हणून नाव विचारल्यावर मी खोटं सांगितलं. म्हटलं, वॉल्टर. मिल क्रीकहून.

चाळीस मिनिटं मी रांगेत होतो. फोन कानाला, आणि त्यातून माझ्या पोराला शिव्या. चाळीस मिनिटांत माणसाचं काय होतं ते मला अजून नीट कळलेलं नाही. माझा नंबर लागला तेव्हा सूत्रसंचालक म्हणाला, "बोला वॉल्टरभाऊ, चूक कोचची की पोराची?" मला वाटलं, आता कोचची म्हणालो तर आवाजावरून हा ओळखेल की हा बाप आहे. तोंडातून निघालं, "पोराची." त्यानं विचारलं, "कशी काय?" आणि मी म्हणालो, "अहो, आभाळ तळहातावर उतरायला निघालं होतं. पण तळहात तरी हवेत की नाही?" तो हसला. खदखदून हसला. म्हणाला, "व्वा वॉल्टर, कवी दिसता!" आणि मला बरं वाटलं. हे मी कधीच कुणाला सांगितलं नव्हतं. सगळा दिवस लोक माझ्याकडे कीव करून बघत होते, आणि आता कुणीतरी माझ्या बोलण्यावर हसत होतं. मी आणखी दोन वाक्यं बोललो. ती इथे लिहीत नाही. तू ती ऐकली आहेस.

फोन ठेवून आत आलो तर लुएला समोरच्या खिडकीशी उभी होती. म्हणाली, "ब्रँटची गाडी टपालपेटीपाशी येऊन उभी होती. बराच वेळ. काचा खाली होत्या, रेडिओ चालू होता. आता वळून गेला." मी म्हटलं, "मित्रांकडे गेला असेल, मन ठिकाणावर नसणार त्याचं." तिनं तुझं ताट झाकून ओव्हनमध्ये ठेवलं. दुसऱ्या दिवशी सकाळी ती एवढंच म्हणाली, "मागच्या पोर्चपर्यंत जाणारी ती तार आखूड करून घे, होरेस." मी घेतली. त्यावर आम्ही पुढची तेरा वर्षं, ती जाईपर्यंत, एक शब्द बोललो नाही.

मी स्वतःची समजूत घालत आलो. गाडीत दुसराच काहीतरी कार्यक्रम लागला असेल. आवाज फोनवर वेगळा येतो. तू उत्तरेकडच्या कॉलेजात कोचची नोकरी धरलीस, मी म्हटलं, तरुण माणूस आहे. नाताळला यायचा बंद झालास, मी म्हटलं, खेळाचे दिवस असतात. आईच्या दफनाला आलास, काळ्या सुटात माझ्या शेजारी उभा राहिलास, मी "जेवून जा" म्हटल्यावर "नो सर, थँक यू सर" म्हणालास. इकडची सगळीच पोरं बापाला सर म्हणतात, तूही लहानपणापासून म्हणायचास. पण लहानपणी त्यात "बाबा" ऐकू यायचं. त्या दिवशी फक्त सर ऐकू आलं. तुझ्या ताटाला हात न लावता तू निघालास आणि मी परत स्वतःला म्हटलं, याला माहीत नाही. माहीत असणं शक्यच नाही.

मागच्या शनिवारी डूलीच्या नातीनं तुझ्या कॉलेजचा सामना त्याच्या दुकानातल्या टीव्हीवर लावून दिला. आम्ही तिघे केस कापायच्या खुर्च्यांत बसून बघत होतो. पडद्यावर तू, कानाला ते यंत्र लावलेलं, कल्ल्यांत पांढरे केस. मला वाटलं होतं त्याहून जास्त. आणि देवाला एकच धडा दोनदा घोटून घ्यायची खोड असावी. तीन गुणांनी मागे, शेवटचा प्रयत्न, लाथ मारली तर बरोबरी. हॉइट ओरडला, "लाथ मार, लाथ मार!" डूली ओरडला, "मास्तरांचं पोर आहे, लाथ नाही मारणार!" तू फेकायला लावलंस. तुझ्या त्या उंच, काटकुळ्या पोराच्या हातून चेंडू निसटला. तो गुडघ्यांवर बसला आणि त्यानं हेल्मेटसकट डोकं गवताला टेकलं. डूलीच्या दुकानात लगेच पंचायत बसली. हॉइट म्हणे, कोचचीच चूक, बापासारखाच स्वप्नाळू. डूली म्हणे, कोचनं डाव बरोबर रचला होता, पोरानं घालवलं. मग पडद्यावर तू आलास. कुणीतरी तुझ्यापुढे माईक धरून विचारलं, चूक कुणाची. आणि तू म्हणालास, "डाव माझा होता. चूक माझी. त्याची नजर वर होती, हात पुढे होते, पाय जमिनीवर होते. तरी कधीकधी आभाळ उतरत नाही. यासाठी त्या पोराला कुणी नावं ठेवू नयेत. निदान त्याच्या घरच्यांनी तरी."

हॉइट आणि डूली वाद घालतच राहिले. त्यांना काही कळलं नाही. मी टोपी उचलली आणि बाहेर येऊन गाडीत बसून राहिलो.

रविवारी टेबलावर हॉइटनं मिठाची बाटली सरकवली आणि सवयीनं म्हणाला, "वॉल्टर म्हणाला होता तसं..." मी म्हटलं, "वॉल्टर मी होतो." डूलीनं शेंगदाणा खाली ठेवला. नेल्डा माझ्या पेल्यात कॉफी ओतत होती, ती पेला भरून बशीत सांडेपर्यंत ओतत राहिली. हॉइट म्हणाला, "मास्तर, एवढी वर्षं आम्ही तुमच्यासमोर ते बोलत होतो." मी म्हटलं, "मी बोलू देत होतो."

आणि काल शनिवारी टॅलोवाचा सामना संपल्यावर मी रेडिओला फोन केला. कार्यक्रम तोच आहे, माणूस नवा. याही वेळी रांगेतच होतो, पण नाव खरं दिलं. म्हणालो, मी होरेस ट्रेडवे, ब्रँट ट्रेडवेचा बाप, मला बोगार्डच्या त्या सामन्याबद्दल काही दुरुस्त करायचं आहे. तो पोरगा भलताच सौजन्यानं म्हणाला, "काका, एकोणीस वर्षांपूर्वीचा सामना? आज आपण आजच्या खेळाबद्दल बोलतोय. पुढचा फोन." फोन बंद झाला. जे एका मिनिटात सगळ्या जिल्ह्याला ऐकवता आलं होतं, ते परत घ्यायला त्यांच्याकडे आता एक मिनिट नव्हतं.

म्हणून हे पत्र. क्षमा मागायला नाही; तसली क्षमा पत्रानं मागता येत नाही आणि मागावीही नाही. तू ये असंही म्हणत नाही. फक्त जे मी त्या संध्याकाळी सांगायला पोर्चवर गेलो होतो आणि सांगितलं नाही, ते सांगतो. मी चाळिसाव्या रांगेत होतो, वारा माझ्या तोंडावर होता, आणि तेव्हा माझे डोळे चांगले होते. बोगार्डच्या त्या ठेंगण्या गड्याचं बोट चेंडूला लागलं होतं. चेंडू तुझ्यापर्यंत आला तेव्हा तो डळमळत होता. तो कुणालाच धरता आला नसता. मी ते पाहिलं होतं, ब्रँट. हॉइट हसला तेव्हाही मला ते माहीत होतं, आणि फोन कानाला लावून उभा होतो तेव्हाही. तुझी नजर वर होती. तुझे हात पुढे होते.

तुझाच,
होरेस ट्रेडवे
तुझा बाप