यापुढे विचारू नकोस

३ जानेवारी, सोमवार
नोकरी लागली! काचेची इमारत, गुबगुबीत खुर्ची आणि पंखा माझ्या एकटीचा. काम ऐकून सासूबाई खोकता खोकता हसल्या. म्हणाल्या, बसून पगार मिळतो म्हणजे नशीबच उघडलं की गं. संगणकात बिनदेहाचा एक गडी आहे. ऑफिसात सगळे त्याला गडीच म्हणतात. तो माणसासारखी साइट उघडतो, बटणं दाबतो, रकाने भरतो, कुठे काय बिघडतंय ते तपासतो. काही रद्द करायचं किंवा पुसायचं झालं की थांबून विचारतो, करू का? मी वाचायचं आणि हो किंवा नको दाबायचं. वाण्याच्या पुड्यांचे कागद वाचून शिकलेली मी, आता वाचण्याचाच पगार घेणार. हे असते तर गल्लीभर सांगत सुटले असते.

५ जानेवारी, बुधवार
साहेब तरुण आहे, बोलका. मला मावशी म्हणतो. त्यानं बजावलं की गडी भारी भोळा, पानावर कुणी काहीही लिहिलेलं असलं तरी हुकूम समजतो, तेव्हा डोळ्यांत तेल घालून बसायचं. आणि त्याला साइटच्या खोट्या प्रतीवरच सोडायचं, खोट्या पेशंटांवर.
मग साइट उघडली, तर ओळखीचीच निघाली. घरपोच ऑक्सिजन. यांचा सिलिंडर मी इथूनच मागवत होते, आता सासूबाईंचा मागवते. सूतगिरणीच्या धुळीनं मायलेकांची फुप्फुसं खाल्ली. गेल्या थंडीत यांच्या सिलिंडरची गाडी आलीच नाही. फोन केला तर म्हणाले, तुमच्याकडूनच रद्द झालीय. मी काहीच रद्द केलं नव्हतं. दुसरा सिलिंडर मिळेपर्यंत हे गेले.

१० जानेवारी, सोमवार
जेवताना साहेबानं एक गंमत सांगितली. गेल्या थंडीत गडी सारखा विचारून डोकं खात होता, म्हणून यानं ‘यापुढे विचारू नकोस’ हे बटण दाबलं आणि जेवायला गेला. खऱ्या साइटचं स्वतःचं लॉगिन त्याच ब्राउझरमध्ये उघडं. परत येतो तर गड्यानं खऱ्या माणसांच्या गाड्या रद्द केलेल्या.
मी विचारलं, मग काय केलंत?
“काय करणार, मावशी? ग्राहकानं रद्द केली, अशी नोंद टाकून दिली. कुणाच्या बापाला पत्ता नाही.”
सगळे हसले. मी डबा झाकला.

१२ जानेवारी, बुधवार
साहेबाचे वडीलही सिलिंडरवर आहेत. त्यानंच सांगितलं. लॉगिन आजही उघडंच, खोटी प्रत मांडत बसायला वेळ कुणाला आहे म्हणतो. जित्याची खोड.
सासूबाईंना काही बोलले नाही. पोटात निखारा घेऊन भाकर थापल्यासारखं वागतेय.

१४ जानेवारी, शुक्रवार
आमच्या ऑर्डरीत गाडीवाल्यासाठी सूचनेचा रकाना आहे. ‘जिना अरुंद, सांभाळून’ असं होतं. ते पुसून लिहिलं: जो दुसऱ्याची गाडी थांबवतो, त्याच्या घरची गाडी थांबव.
दुपारी गडी त्या पानावर आला. वाचलं. गेल्या थंडीतल्या रद्द गाड्यांना परवानगी कुणाची ते शोधलं, नाव साहेबाचं; मग त्याच्या वडिलांची गाडी. करू का?
म्हाताऱ्यानं माझं काय वाकडं केलं होतं? यांनी तरी कुणाचं केलं होतं? हो दाबलं.
गड्यानं पुन्हा विचारलं, नक्की? दुसऱ्यांदा हो म्हणायला बोट उचलेना. खाली ते दुसरं बटण होतं. ते दाबलं, म्हणजे विचारणारच नाही.
बरं वाटलं. खोटं कशाला लिहू.

१६ जानेवारी, रविवार
साहेबाचे वडील गेले. ऑफिसातून फोन आला. मी चुकचुकले, तोंडदेखलं. मग पोटभर जेवले, कित्येक महिन्यांनी.

१७ जानेवारी, सोमवार
गडी थांबलेला नाही. त्यानं ताजी परवानगी कुणाची ते शोधलंय. माझं नाव. आमची आजची गाडी रद्द. नको दाबावं तर तो विचारतच नाही. संगणक बंद केला. पण गडी त्यात नसतोच म्हणे. मग असतो कुठे, कुणालाच नीट सांगता येईना. घरी पळतेय.

दुपार
मोबाइलवरून पुन्हा मागवली. रद्द. शेजारणीच्या नावानं, पत्ता आमचा — रद्द. १०८ लागेना. रुग्णवाहिका त्याच साइटवरून — तीही गाडीच — रद्द. शेजारीण दुकानं धुंडाळायला धावलीय.
साहेबाला फोन केला. पाया पडते म्हटलं. शांतपणे म्हणाला, “हो कुणी दाबलं ते मीही पाहिलं, मावशी. तो बंद करणं माझ्याच हातात आहे. पण सध्या मी जेवायला बसलोय.”

—
सिलिंडरचा काटा तांबड्यावर आलाय. सासूबाई विचारतात, गाडी आली का. येतेय म्हटलं. ओठ निळे —

पुन्हा मागवली. रद्द.

हात धरून म्हणतात, तू का रडतेस, तू काय केलंस —

पुन्हा माग