निरोगी माणसाचं रक्त

मुलुंड, ५ जानेवारी

भर दिवाळीत माझं रक्त काढून हैद्राबादला नेलंस, आणि तेव्हापासून तोंडाला कुलूप. गिरणीवाला दळण ठेवून घेतो, तोसुद्धा कधी न्यायला यायचं ते सांगतो.

चि. गंधालीस अनेक आशीर्वाद.

माझी बोटं आकडलीत, कातडी ढोलकीसारखी ताणलीय. फोनला ती बोटं वाटतच नाहीत, म्हणून हे पत्र. अक्षराला हसू नकोस. डॉक्टर म्हणतो, माझंच रक्त माझ्यावर उठलंय. तू म्हणालीस, तेच रक्त पेशीच्या पोटात काय दडलंय ते दाखवणार. मग दाखवलं की नाही?

लोभ भरपूर आहे, उत्तर तेवढं नाही. ते पाठव.

तुझी आजी

---

हैद्राबाद, १६ जानेवारी

ती. आजीस सा. न.

चिडू नकोस गं. तुझं रक्त झकास निघालं. त्यातलं पाणी काचेवरच्या पेशींवर टाकलं की पेशीच्या गाभ्यात हिरवे ठिपके उजळतात. तुझी प्रतिपिंडं तिथलं एक प्रथिन पकडून बसतात. त्यांच्याच मदतीने ते बाहेर ओढायचं आणि ओळखायचं, हे माझं काम.

वाट लागली ती माझ्यामुळे. ताडून बघायला निरोगी माणसाचं रक्त लागतं. मी दिवाळीत आईचंच घेतलं होतं. तर त्यातही तेच ठिपके! मी नळ्यांची अदलाबदल केली, असं सर सगळ्यांसमोर म्हणाले. घरचं रक्त आणलं म्हणून वेगळं बोलले. आता सगळं पहिल्यापासून. तुझं रक्त परत लागेल. आईला मात्र कळवू नकोस, उगाच घाबरेल.

रागासकट माया असू दे.

तुझी गंधाली

---

मुलुंड, २२ जानेवारी

माझी नात मूर्ख आहे आणि तिची आई लबाड.

चि. सौ. अनुपमास अ. उ. आ.

तुला कळवू नकोस, असं तुझ्या लेकीने बजावलंय. कळवते आहे. तुझ्या रक्तात माझ्यासारखेच ठिपके निघाले. पोरगी समजते नळ्या बदलल्या. काही बदललेलं नाही. तिने तुझं रक्त निरोगी धरलं, कारण तू कधी कुरकुरत नाहीस. आपल्यात जी बाई कुरकुरत नाही ती ठणठणीत.

दिवाळीत फ्रीजमधून नारळ काढलेस तेव्हा तुझी बोटं मेणासारखी पांढरी पडली. मी विचारलं, तर म्हणालीस, मैदा लागलाय. मैदा गॅसजवळ धरला म्हणून गुलाबी होत नाही, अनू.

मी माझ्या डॉक्टरला विचारून आले. नुसते ठिपके म्हणजे आजार नव्हे, म्हणाला. पण बोटंही पांढरी पडतात म्हटल्यावर त्याने पेन खाली ठेवलं. छाती तपासायला हवी, लगेच आणा, म्हणाला. माझं कळलं तेव्हा जिना चढताना धाप लागत होती. तुला अजून लागत नसेल तर तेवढ्यात जा. गुरुवारी तो तुमच्या बोरीवलीत बसतो, नंबर मी लावलाय.

माया आहे, ती पत्रात मावत नाही, म्हणून लिहीत नाही.

उत्तर गंधालीने द्यायचं नाही. जावईबापूंनी 'ती बरी आहे' म्हणून तर मुळीच नाही. तपासून ये, आणि डॉक्टर काय म्हणाला ते तूच लिही.

तुझी आई