नखांतला नमुना

प्रिय बारक्या,

चौतिशी उलटली तरी मी तुला बारक्याच म्हणणार, नाक मुरडू नकोस. आई बरी आहे. तू रविवारशिवाय फिरकत नाहीस याचा राग माझ्यावर काढते.

मी फॉरेन्सिक शिकणार म्हटल्यावर बाबांनी केवढा थयथयाट केला होता! मुलीच्या जातीने मढी चिवडायची म्हणजे काय! तू मध्ये पडलास, म्हणून मी आज लॅबमध्ये आहे. कॉलेजच्या वाटेवर माझा हात धरणाऱ्याचे तू तीन दात पाडलेस. तो आडवा झाला तरी तू लाथा घालतच होतास. तेव्हा मला तुझा अभिमान वाटला होता. आता त्या अभिमानाची लाज वाटते.

गेल्या आठवड्यात एका खुनाचे नमुने माझ्या टेबलावर आले. आमच्याकडे नमुन्यांवर नावं नसतात, नुसते आकडे. डोक्यात पान्याचे अकरा घाव. सहाव्यालाच जीव गेला असावा, असं डॉक्टरांनी लिहिलंय. शर्टाच्या कॉलरमध्ये कवटीचे तुकडे अडकले होते, ते मी चिमट्याने काढले. मेलेल्याच्या नखांत मारणाऱ्याची कातडी होती. तिच्या डीएनए तपासणीत माझ्याशी जुळणाऱ्या खुणा निघाल्या. आम्हा सगळ्यांचे नमुने लॅबने ठेवलेले असतात, कोणाचा चुकून हात लागला तर कळावं म्हणून. साहेबांनी चारचौघांत माझी बिनपाण्याने केली. मास्क लावायची अक्कल नाही म्हणाले आणि नमुना बाद करायला निघाले.

मी दोन दिवस तो निकाल पुन्हा पुन्हा ताडून पाहिला. ती खरंच माझी चूक असती तर माझ्या सगळ्या खुणा दिसल्या असत्या. दिसल्या निम्म्याच, काही ठिकाणी पूर्ण जुळणाऱ्या, काही ठिकाणी अजिबात नाही. असं साम्य सख्ख्या भावंडाचंच असतं, आणि मला भावंड तू एकटाच आहेस.

रविवारी एवढ्या उकाड्यात तू गळ्यापर्यंत बटणं लावून आलास. बूट काढायला वाकलास तेव्हा मानेवरचे ओरखडे दिसले. तुझ्या गॅरेजमधल्या मांजराने ओरबाडलं म्हणालास. मी मलम लावलं, आणि लावता लावता ओरखड्यांमधलं अंतर बोटांनी मापलं. मांजराचा पंजा एवढा मोठा नसतो रे.

उद्या सकाळी दहा वाजता मी साहेबांना सगळं सांगणार आहे. त्याआधी तू स्वतः चौकीत जा. या पत्राची एक प्रत साहेबांच्या खणात ठेवली आहे. हे तुझ्या तोंडावर सांगायला हवं होतं, राहतोस तर दोन गल्ल्या सोडून. पण ते अकरा घाव वाचल्यापासून तुझ्यासमोर एकटीने उभं राहायची मला भीती वाटते, म्हणून हे पत्र.

तरीही तुझीच,
ताई